कधीच न झालेला भाग

सुलभाबाई नेरूरकरांना माणसं फारशी आवडत नाहीत. सिल्वासाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांचा आजही एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की नकळत मान वर होते, बाई बघत तर नाहीत ना म्हणून. निवृत्तीनंतर वर्ग गेला, पण वर्गाबद्दलची तुच्छता शिल्लक राहिली. ती आता भाजीवाल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर, टीव्हीवरच्या निवेदिकांवर आणि सवडीने नवऱ्यावर वापरतात. नवरा नारायणराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने इतका मऊ की त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला दम देणं. त्यामुळे बाईंचा बराचसा माल वाया जातो.

या बाई एके काळी रेडिओवर होत्या, हे आमली भागातल्या त्यांच्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलं होतं असं त्यांना वाटत नव्हतं.

लग्नाआधी, मुंबईत कॉलेजात असताना, त्या एका विनोदी मालिकेत काम करत. मालिकेचं नाव 'कार्यालय बंद आहे, आत या'. लोकांच्या सावल्यांची नोंद ठेवणारी एक कचेरी. सावली लांब असली तर दंड, आखूड असली तर डॉक्टरचा दाखला, आणि ढगाळ हवेत अख्खं गाव बेकायदा. कचेरीचे साहेब टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात राहत. सुलभाबाई टंकलेखिका होत्या, मिस कुर्डूकर. अर्ज घेऊन कुणी आलं की त्यांनी कोरड्या आवाजात म्हणायचं, "साहेब डब्यात आहेत. झाकण उघडू नका." बहुतेक भागांत त्यांना एवढंच काम असे.

हे लिहिणारा माणूस म्हणजे दाजी वैंगणकर. दिवसा स्वतः कुठल्याशा कचेरीत कारकून, आणि सगळ्या जगावर डूख धरून बसलेला. तोंडात कायम तंबाखूचा तोबरा. सुलभाबाईंना घेताना त्याने सांगितलं होतं, "तुझा आवाज रिकाम्या पातेल्यासारखा आहे. त्यात भावना भरू नकोस, नाहीतर काढून टाकीन." त्या भावना भरत नसत. ऐकणाऱ्यांना ही मालिका मुळीच आवडली नव्हती. पत्रं यायची ती शिव्यांची. हा काय पोरकटपणा, याच्यापेक्षा भजनं लावा. अशा पत्रांवर दाजी खूश होत असे, पण वरचे लोक नव्हते. मालिका बंद झाली. फिती पुसून त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम भरले गेले, तशीच तेव्हा पद्धत होती. बाईंचं लग्न झालं, नारायणरावांची नोकरी सिल्वासाला होती, विषय संपला.

तो पुन्हा निघाला किलवणी नाक्यावरच्या तेलाच्या दुकानात.

बाई शेंगदाणा तेलाचा डबा घेत होत्या. दुकानदार झाकणाला हात घालत म्हणाला, "चेक करी लो ने, बेन."

"झाकण उघडू नका," बाई म्हणाल्या.

मागे उभा असलेला एक गृहस्थ दचकला. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. त्याने विचारलं, "कारण साहेब डब्यात आहेत?"

बाईंनी वळून पाहिलं. आयुष्यात खोटं न बोलण्याची त्यांची सवय त्या दिवशी त्यांना भोवली. "तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाने भर दुकानात त्यांचे पाय धरले. तेलकट फरशीवर, गुडघे टेकून.

हा नवनाथ सोनवणे. मूळचा धुळ्याकडचा, सायलीतल्या प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर. 'डब्यातले साहेब' नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तो चालवत असे. सिल्वासा, वापी, दमण इथली मराठी मंडळी त्यात होती. सकाळी फुलांची चित्रं, दुपारी गुडघेदुखीवर उपाय आणि मधूनमधून त्या मालिकेच्या आठवणी. आठवडाभर कामगारांच्या रजा नामंजूर करायच्या आणि रविवारी कचेरीची टिंगल करणाऱ्या मालिकेसाठी डोळे पुसायचे, यात नवनाथला काही खटकत नसे. तसं ते ग्रुपमध्ये कुणालाच खटकत नव्हतं. निम्मे जण कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसून लोकांना परत पाठवणारेच होते.

पुढच्या रविवारी त्यातली काही मंडळी घरी आली. नारायणरावांनी उत्साहाने दार उघडलं, चहा टाकला आणि स्वतःही ऐकायला बसले. इतक्या वर्षांत त्यांना बायकोच्या रेडिओबद्दल एवढंच माहीत होतं की त्या विषयावर विचारायचं नाही.

"काय दिवस होते ते!" एक जण म्हणाला. "आम्ही सगळे रेडिओभोवती गोल बसायचो."

"आम्हीपण," दुसरा म्हणाला. "आजोबा, आजी, सगळे. रेडिओभोवती गोल."

"हल्ली असा निखळ विनोद राहिला नाही," तेजस्विनी म्हणाली. ही एका शाळेत शिकवत असे आणि मराठी मंडळाच्या सगळ्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत असे. बोलताना ती दोन्ही हात छातीशी नेई.

"मालिका बंद झाली तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?" बाईंनी विचारलं.

तेजस्विनीने मनात हिशोब केला. "मी त्याच्यानंतरची," ती म्हणाली. "पण आठवण आहे ना, ताई. आमच्या घरात ते वातावरणच होतं."

बाईंनी नारायणरावांकडे पाहिलं. नारायणराव कौतुकाने मान हलवत होते.

मग नवनाथने त्याचा लाडका भाग काढला, 'खुर्चीची बदली'. "काय भाग होता, ताई! बदलीचा हुकूम येतो, पण साहेबाला नाही, खुर्चीला. खुर्ची निघाली पायी. तिला रस्ता माहीत नाही म्हणून शिपाई सोबत. एसटीत कंडक्टर म्हणतो, चार पाय आहेत, हिला जनावराचं तिकीट पडेल. वाटेत लोक बसायला बघतात, तर शिपाई कुणाला बसू देत नाही. म्हणतो, बाई दमलीये. धर्मशाळेत तिला पलंगावर निजवतो अन्‌ स्वतः खाली…"

सगळे हसत होते. "हो हो, कंडक्टरचा आवाज काय होता!" एक जण म्हणाला. "अजून कानात आहे."

"असा भाग झाला नाही," सुलभाबाई म्हणाल्या.

मग तेजस्विनीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "होतं असं, ताई," ती लहान मुलाशी बोलावं तशी म्हणाली. "वयोमानाप्रमाणे."

तिने गुडघ्यावर हात ठेवला नसता तर पुढचं कदाचित घडलं नसतं. बाई एकाही ध्वनिमुद्रणाला गैरहजर नव्हत्या. मिस कुर्डूकरशिवाय एकही भाग होत नसे, आणि खुर्ची चालत गेल्याचं त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. मंडळींनी जाताना सत्काराचं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ "नको" म्हटलं. दोन दिवसांनी नारायणरावांनी परस्पर फोनवर "हो" म्हणून टाकलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "जेवण ठेवलंय म्हणे. पुरणपोळी आहे."

"मग जाऊ या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. नारायणराव पुरणपोळीच्या विचारात असल्यामुळे त्यांच्या हे लक्षात आलं नाही.

मराठी मंडळाच्या हॉलबाहेर फ्लेक्स लागला होता. मध्ये बाईंचा इमारतीच्या पार्किंगमध्ये चोरून काढलेला फोटो, बाजूला एक जुना रेडिओ, आणि खाली फ्लेक्सचा खर्च उचलणाऱ्यांचे चेहरे, त्यांच्यापेक्षा मोठे. 'जेष्ठ कलावंत' असं लिहिलं होतं. बाई त्या 'जेष्ठ'समोर जरा वेळ उभ्या राहिल्या. एके काळी त्यांनी या शब्दासाठी मुलांना बाकावर उभं केलं होतं.

आत गर्दी होती. तेजस्विनीने दोन्ही हात छातीशी नेऊन त्यांना 'रेडिओच्या सुवर्णयुगाच्या साक्षीदार' म्हटलं. शाल झाली, श्रीफळ झालं. मंडळाच्या सभासदांनी मालिकेतला एक प्रवेश सादर केला. मिस कुर्डूकर झालेली बाई प्रत्येक वाक्यात इतकी भावना भरत होती की दाजीने तिला खिडकीतून बाहेर फेकलं असतं. "साहेब… डब्यात आहेत," ती गहिवरून म्हणाली, जणू साहेब वारलेच होते. लोकांनी डोळे टिपले. एक सरकारी अधिकारी अध्यक्ष होते. ते म्हणाले की अशा मालिकांमधून प्रशासनाबद्दल आपुलकी निर्माण होते.

मग बाईंना माइक दिला.

"मी खरं बोलणार आहे," त्या म्हणाल्या. लोक आधीच हसू लागले. "ही मालिका तुमच्यासारख्या लोकांची चेष्टा करायला लिहिली होती."

हशा.

"हसू नका. दाजी वैंगणकर म्हणायचा, ज्या दिवशी हे लोक आपल्याला शाल घालतील त्या दिवशी आपण मेलो. तो तुम्हाला शेणातले किडे म्हणायचा."

प्रचंड हशा. पुढच्या रांगेतला एक जण मांडीवर थापा मारत होता. नारायणरावही हसत होते. त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं की सगळे हसत होते म्हणून.

बाईंचा आवाज आणखी कोरडा झाला, आणि तो जितका कोरडा झाला तितका तो मिस कुर्डूकरचा होत गेला. "रेडिओभोवती तुम्ही कुणी गोल बसला नव्हतात. तुमच्या घरच्यांनी रेडिओ बंद करून पत्रं लिहिली होती, भजनं लावा म्हणून. ती मी वाचलीत. त्या पत्रांतसुद्धा शुद्धलेखनाच्या चुका होत्या."

शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "वन्समोर!" दहाबारा मोबाइल वर झाले.

"आणि ती 'खुर्चीची बदली'," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या नवनाथकडे सरळ पाहिलं. "तो भाग कधीच झाला नाही. कुणी लिहिला नाही, कुणी बोललं नाही, कुठे लागला नाही. ज्यांना तो आठवतो ते खोटं बोलतायत."

हॉल कोसळायचा बाकी राहिला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. "झालाच नाही!" अध्यक्ष डोळे पुसत म्हणत होते, "काय टायमिंग आहे!" नवनाथ एकटा हसत नव्हता.

बाईंनी शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि खाली उतरल्या. फोटोसाठी लोक पायांत घुटमळत होते. त्या पुरणपोळी न खाता घरी आल्या. नारायणराव जरा उशिरा आले, खाऊन.

त्या भाषणाचं चित्रण रातोरात सगळीकडे गेलं. नाशिकपासून पुण्यापर्यंत कुणाकुणाचे फोन. लोकांनी त्यांना 'खवचट आजी' नाव दिलं आणि खाली हसणारे चेहरे टाकले. दाजीला आयुष्यात कुणी घाबरलं नाही आणि आपल्याला कुणी घाबरत नाही, ही गोष्ट बाईंना फार लागली. माणसाला शिवी दिली तरी तो तिचं स्टेटस ठेवतो, तर मग करायचं काय? त्यांनी दोन दिवस फोन बंद ठेवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नवनाथ आला. ड्यूटीवरून थेट आला असावा, ओळखपत्र गळ्यातच होतं. बाईंनी त्याला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही.

"ताई, तो भाग खरंच झाला नव्हता?"

"मी गंमत केली असं तुम्हालाही वाटलं का?"

"नाही," नवनाथ म्हणाला. "मला वाटलं नाही. म्हणून तर आलो."

तो उभ्यानेच सांगू लागला. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. त्याचे वडील, भिका सोनवणे, साक्रीच्या एका कचेरीत शिपाई होते. रेडिओ साहेबांच्या बंगल्यावर होता. मालिका लागायची त्या वेळी वडील तिथल्या पडवीत उभे राहून ऐकायचे आणि घरी येऊन मुलांना सगळं करून दाखवायचे, प्रत्येक माणसाच्या आवाजात.

"म्हणजे तुम्ही एकही भाग ऐकलेला नाही," बाई म्हणाल्या.

"नाही, ताई."

"आणि ग्रुप चालवता. वर तेलाच्या दुकानात पाय धरता. मग माझा आवाज ओळखला कसा?"

"आमचे वडील, दादा, तुमचा आवाज काढायचे," नवनाथ म्हणाला. "हुबेहूब काढायचे. दुकानात तुम्ही बोलल्या ना, तर मला दादाच बोलले असं वाटलं."

यावर काय म्हणावं ते बाईंना सुचलं नाही. तसं त्यांचं क्वचित होई, आणि झालं की त्यांना राग येई. "बसा," त्या रागानेच म्हणाल्या.

नवनाथ बसला. मग म्हणाला, "कधीकधी पाहुणे आले की साहेब त्यांना पानं आणायला पाठवायचे, मटण आणायला पाठवायचे. तेव्हा ऐकणं हुकत असेल. पण आम्ही घरी वाट बघत बसलेले. रिकाम्या हाताने कसं यायचं? म्हणून…" तो थांबला. "ताई, म्हणजे खुर्चीचं ते दादांनीच केलं?"

"मी केलं नाही. दाजीने केलं नाही. मग दुसरं कोण उरतं?"

नवनाथने तोंडावर हात ठेवला. तो रडतोय की हसतोय ते कळेना. बोटांतून आवाज मात्र विचित्र येत होता. "मला त्यांची लाज वाटायची," तो म्हणाला. "बाकीच्यांचे बाप काहीतरी करायचे. आमचा बाप दुसऱ्याच्या दारात उभा राहून दुसऱ्याचं ऐकायचा अन्‌ आम्हाला तेच सांगायचा. माझ्या पोरांना तर मी सांगितलंय की आजोबा क्लार्क होते."

"शोभतं तुम्हाला," बाई म्हणाल्या.

नारायणराव चहा घेऊन आले, वातावरण बघून कप ठेवून परत जाऊ लागले. "इथंच बसा," बाई त्यांना म्हणाल्या. मग नवनाथकडे वळल्या. "शेवट काय होता?"

"कशाचा?"

"त्या खुर्चीचा. त्या दिवशी तुम्ही धर्मशाळेपर्यंत सांगितलंत."

नवनाथने नाक पुसलं. "बदलीच्या गावी पोचतात दोघं. तिथे आधीच एक खुर्ची असते. साहेब कुठेच नाही. दोन खुर्च्या समोरासमोर, कचेरीत बाकी कुणी नाही. मग ही खुर्ची शिपायाला म्हणते, 'भाऊ, इतका चालना तू. बठ मन्हावर.'" बोलता बोलता त्याचा आवाज बदलला, अहिराणी आली, आणि त्या इस्त्रीच्या शर्टात दुसराच कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. "शिपाई म्हणतो, 'नको, माय. माले काम शे.' काम आहे म्हणतो, अन्‌ पायी परत निघतो. संपलं."

नारायणराव मोठ्याने हसले. "गप्प बसा," बाई म्हणाल्या.

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सायलीकडून येणाऱ्या कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती. "दाजीने असा शेवट केला नसता," त्या म्हणाल्या. "दाजीने त्याला खुर्चीवर बसवलं असतं आणि खुर्ची मोडली असती."

"मग?"

"मग काय? लोक हसले असते." त्यांनी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला. "दाजीला दुसरं काही येतच नव्हतं. आणखी कुठले भाग हुकले होते तुमच्या वडिलांचे?"

"कसं कळणार, ताई? मला सगळे सारखेच."

"मला कळेल. सांगा."

नवनाथने त्या संध्याकाळी बरंच सांगितलं. काही दाजीचं होतं, बाई ते मध्येच तोडत, "हे झालंय, पुढे." काही त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. ते ऐकताना त्याचं 'अन्‌' आणि 'बोलल्या ना' सुधारायचंही राहून गेलं.

नवनाथने मग एक वेडेपणा केला. घरी जाऊन ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. आपण मालिका ऐकलेली नाही, आपले वडील शिपाई होते, खुर्चीची गोष्ट त्यांची आहे. त्याला वाटलं लोकांना बरं वाटेल. मग एकाने त्याला फसवणूक केली म्हणून सुनावलं. मग तेजस्विनीने लिहिलं: "तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण असा श्रेय लाटण्याचा प्रकार योग्य नाही. तो भाग आम्ही स्वतः रेडिओवर ऐकलेला आहे." खाली अंगठे उमटत गेले. कंडक्टरचा आवाज कानात असलेल्या गृहस्थाने त्या कलाकाराचं नावसुद्धा दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी नवनाथला त्याच्याच ग्रुपमधून काढलं.

सत्काराच्या वेळी ग्रुपात घेतलेले नारायणराव अजून तिथेच होते. त्यांनी ते बाईंना वाचून दाखवलं.

"मेंढरं," बाई म्हणाल्या. "'श्रेय'चा 'श्रे' तरी धड लिहिलाय का बघा."

"धड आहे," नारायणराव म्हणाले.

त्याचाही बाईंना थोडा रागच आला. त्यांनी फोन हातात घेतला, नारायणरावांच्या नावाने 'माझी पत्नी म्हणते तुम्ही सगळे मूर्ख आहात' असं लिहिलं, विरामचिन्हं तपासली आणि पाठवलं. लगेच हसणारे चेहरे येऊ लागले. त्यांनी फोन पालथा टेबलावर ठेवला आणि नवनाथला दुसऱ्या फोनवरून निरोप दिला की रविवारी सकाळी या, उरलेले भाग ऐकायचेत, आणि येताना ते गळ्यातलं ओळखपत्र काढून या.